प्ताहमोसचं अर्धं नाव

वर्ष पहिले, पुराचा ऋतू, महिना चौथा, दिवस ७

सत्याच्या जागेवरच्या कारागीर-वस्तीतला रेखाटनकार खावी याजकडून, उत्तरेच्या राजधानीतला शिल्पी, धाकटा भाऊ प्ताहमोस यास. आयुष्य, सुख, आरोग्य लाभो. आमूनला, शिखरावरच्या नागीण देवीला आणि तुझ्या नावातल्या प्ताहला मी रोज सांगतो की त्याला सुखरूप ठेवा.

रोज सांगतो हे खरं नाही. पत्राची सुरुवात अशी करतात म्हणून लिहिलं. आता लिहिलंच आहे तर आजपासून सांगेन.

तुझं पत्र नावाडी हेरीने आणून दिलं. तीन वर्षांनी सहा ओळी, त्याही कुणा लेखनिकाकडून लिहून घेतलेल्या. त्याचा हात बरा आहे, पण ओळी उजवीकडे चढतात. त्याला सांग, कागदाखाली सरळ काडी ठेवत जा. हे पत्रही तोच तुला वाचून दाखवत असेल. राग मानू नकोस म्हणावं. माझा स्वभावच तसा आहे.

दगडाची धूळ तुझ्या छातीत बसली हे समजलं. रात्रंदिवस खोकतोस हेही समजलं. मध आणि दूध घेत जा. राजांच्या बसलेल्या मूर्तीच्या कानात तीन माणसं बसून भाकरी खातात असं लिहिलंस, ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मग राजाला आपलं गाऱ्हाणं ऐकू जायला हरकत नाही.” दोनदा हसली. तिची नजर आता जवळपास गेलीच आहे. दिवसाउजेडी तिला माणसाची सावली तेवढी कळते.

इकडचं काम विचारलंस. इकडे पुन्हा पहिलं वर्ष सुरू झालंय. थोरल्या राजांनंतर गादीवर आलेल्या मधल्या राजाचं चौथं वर्ष एका सकाळी संपलं. दोन्ही घाटांवर दवंडी पिटली आणि आम्ही तारखा पुन्हा एकपासून लिहायला लागलो. राजा बदलला की काळसुद्धा घर झाडून बसतो. आता गादीवर थोरल्या राजांचा मुलगा आहे. त्याच्या वडिलांच्या थडग्यातली सगळी नावं मधल्याने आमच्याकडून खोडून घेतली होती आणि तिथे आपली घातली होती, ते तू गेलास त्या सालचं. आता मधल्याची खोडायची आणि थोरल्यांची परत भरायची. मुकादम नाखी म्हणतो, “काल खोड म्हणाले, खोडलं. आज लिही म्हणतात, लिहितो. भिंत बिचारी पातळ होत चाललीय. अजून दोन राजे झाले की हात पलीकडच्या थडग्यात निघेल.”

कामाची आखणी माझ्याकडे आहे. सगळ्या टोळीत राजाच्या नावाभोवतीचा दोरखंडाचा वेढा न मोजता बरोबर काढणारा मी एकटाच आहे, हे नाखीने बारा जणांदेखत कबूल केलं.

तू विचारलंस, बाबांच्या थडग्यातली शिळा ठीक आहे ना. शिळा कोरडी आहे. भेग नाही. ओल नाही. काळजी करू नकोस.

आमूनच्या कृपेत तुझी तब्येत राहो.

वर्ष पहिले, पेरणीचा ऋतू, महिना दुसरा, दिवस १९

खावीकडून प्ताहमोसला. आयुष्य, सुख, आरोग्य.

तुझं दुसरं पत्र तर चारच ओळींचं. “दादा, शिळेला भेग नाही हे कळलं. शिळेवर मी आहे का, तेवढं सांग. मला इथे बायको नाही, पोर नाही, थडगं नाही. राजधानीत राजाला जागा आहे, देवाला आहे, परगावच्या शिल्प्याला हातभर नाही. बाबांच्या पुढ्यात बदक घेऊन उभा आहे तेवढाच मी पश्चिमेत, मेलेल्यांच्या मुलखात असणार आहे.” आणि खाली लेखनिकाने आपल्या मनाने जोडलंय, की ह्याच्या थुंकीत रक्त आहे.

हे काय विचारणं झालं? ज्याने ती शिळा घासली, आखली, तिच्यापुढे दर सणाला पाणी ओतलं, त्याला?

आणि हे विचारतोस तू. तुला आठवत नसेल तर मी सांगतो, भांडण कुणी काढलं.

बाबा गेले. आपण ठरवलं, मी रेखाटायचं, तू कोरायचं. मी त्या वेळी राजांच्या थडग्यांच्या दरीत कामावर होतो. आठ दिवस काम, दोन दिवस घर. नवव्या दिवशी खाली उतरून पाहतो तर तू माझ्या रेषांची वाट न बघता बाबांना कोरून बसलेला. आणि कसं? पाठीत वाकलेले. डावा खांदा खाली. हनुवटीवर दाढीचे खुंट. चाळीस वर्षं गिलाव्याच्या पाट्या वाहून झाले होते तसे, जसेच्या तसे. अर्धी वस्ती बघायला आलेली. बायका पदर डोळ्याला लावून उभ्या. शेजारचा कासा बाबांकडे बघून म्हणतो, “आमेक आत्ता शिंकेल बघा.”

लोकांना रडायला काय जातं! त्यांना त्या पाठीने पश्चिमेत चालायचं नव्हतं. दगडात जे रूप असतं ते चित्र नव्हे, ते शरीर असतं, एवढंही तुला कळू नये? राजाला आपण कधी म्हातारा काढतो का? त्याच्या पोटाचा घेर मी स्वतः डोळ्यांनी पाहिलाय, मिरवणुकीत, वीस हातांवरून. भिंतीवर तो सडपातळ आहे, देवाच्या उंचीचा आहे, देव त्याचा हात धरून चाललेत. का? तो तिथे तसाच असायला हवा म्हणून. त्याच्या पाठीला बाक आला तर नदीला पूर कोण आणणार? सूर्य रात्रीच्या बारा दारांतून कोण ओढून नेणार? आणि राजाला जे लागू, ते गिलाव्याच्या गड्याला का नको? बाबांनी जन्मभर पाट्या वाहिल्या. मी त्यांना पश्चिमेतही पाट्या वाहायला पाठवणार नव्हतो.

म्हणून मी गेरूत दोरी भिजवली आणि शिळेवर अठरा घरं पाडली. तळपायापासून केसांच्या रेषेपर्यंत अठरा. गुडघा सहाव्यावर, कोपर बाराव्यावर, खांदे सोळाव्यावर. तुझा बाक गिलाव्याने भरला आणि त्यावर बाबांना सरळ उभं केलं. तरुण. हे मला कुणी शिकवलं नाही. रेखाटनकाराच्या घरात जन्मलेल्यांना बाप हात धरून शिकवतो. मी लेखनिकाच्या खोपटामागे फेकलेल्या दगडाच्या कपच्या वेचून अक्षरं शिकलो, आणि जुन्या थडग्यांच्या भिंतींना नाक लावून मापं शिकलो. म्हणून मला चुकलेलं सहन होत नाही. ज्याला फुकट मिळतं त्याला चुकायला परवडतं.

तू काय म्हणालास ते मला शब्दाशब्दाने आठवतं. सगळ्यांदेखत म्हणालास, “दादा, बाबांचा जीव पाखरू होऊन परत येईल, ह्या सरळसोट माणसाकडे बघेल आणि म्हणेल, माफ करा, घर चुकलं.”

सगळे हसले. नाखी हसला. माझी बायको वाबेत हसली. आई हसली.

दुसऱ्या दिवशी तू बोट धरलीस.

आईने गेल्या उत्सवात नेहमीप्रमाणे शिळेवरच्या सगळ्यांना हात लावला. तुलाही लावला. झालं समाधान?

तब्येत सांभाळ.

वर्ष पहिले, सुगीचा ऋतू, महिना पहिला, दिवस ३

खावीकडून प्ताहमोसला.

तुझ्याकडून उत्तर नाही. बोटी उशिरा येत असतील. पाणी उतरलंय.

आज कामावर एक गोष्ट झाली. थोरल्या राजांच्या थडग्यात दुसऱ्या दालनात डाव्या भिंतीवर आम्ही मधल्याचं नाव गिलाव्याने बुजवून त्यावर थोरल्यांचं कोरत होतो. शेजारच्या गड्याने खांब ठोकायला घेतला, भिंत हलली आणि नावावरचा गिलावा भाकरीसारखा सुटून खाली पडला. आत मधल्याचं नाव. त्याच्याही आत, खोडलेल्या खड्ड्याच्या तळाशी, थोरल्यांचं मूळ नाव, मी सात वर्षांपूर्वी आखलेलं. दोन राजे एका वेढ्यात एकमेकांच्या पाठीवर बसलेले. दिव्याच्या उजेडात दोघेही वाचता येत होते.

नाखी म्हणाला, “खावी, तुझ्या बापाच्या हातचा गिलावा असता तर पडला नसता.”

मी म्हटलं, “बापाच्या हातचा असता तर खालचं कधीच दिसलं नसतं.”

“तेच म्हणतोय.”

मग तो खालचे तुकडे उचलता उचलता सहज म्हणाला, “तू मधल्याच्या वेळी खोडलंस तेव्हा थोरल्यांच्या नावातला देव सोडून बाकीचं खोडलंस. बघ, देवाच्या चिन्हाला टवकासुद्धा नाही.”

खरं आहे. सगळेच तसं करतात. राजाचं नाव खोडायचा हुकूम असतो, त्याच्या नावात बसलेल्या देवाला छिन्नी लावायचा हुकूम कुणी देत नाही. आणि दिला तरी कोण ऐकेल? आपल्याला इथेच मरायचंय. म्हणून नाव खोडताना आधी देव कुठे बसलाय ते बघायचं, त्याच्याभोवतीची जागा राखायची, मग उरलेल्यावर छिन्नी. हे हाताला इतकं सवयीचं होतं की डोक्याला विचारावं लागत नाही.

मोस, मी तुझं नाव पूर्ण खोडलेलं नाही.

हेरी घाटावर हाका मारतोय. पुढचं आत्ता लिहीत नाही.

वर्ष पहिले, सुगीचा ऋतू, महिना दुसरा, दिवस ५

वाचणाऱ्या लेखनिका, तुझं नाव मला माहीत नाही. हे पत्र माझ्या भावाला एकट्याला वाचून दाखव. आजूबाजूला कुणी असेल तर आधी उठव. हळू वाच. जिथे तो थांब म्हणेल तिथे थांब. आणि बाहेर कुणाला सांगू नकोस.

मोस,

तू गेलास त्यानंतर दरीत खोडण्याचा हुकूम आला. आठ दिवस आम्ही थोरल्या राजांना भिंतींवरून उतरवत होतो. वरून अंमलदार आला होता, त्याने आधी चेहरा, मग नाव, मग हात, असा क्रम सांगितला. चेहरा गेला की श्वास जातो. नाव गेलं की हाक जाते. हात गेला की घास जातो. आठ दिवस मी हेच करत होतो, आणि खरं सांगतो, हात एकदाही थरथरला नाही. ज्या राजासाठी वाकून वाकून माझी मान आखडली त्याचा घास तोडायला माझ्याच हातची छिन्नी लागते, ह्यात एक प्रकारचा आनंद होता. हे मी कुणाला बोललेलो नाही.

नवव्या दिवशी घरी उतरलो. छिन्नी परत करायची राहिली होती, कमरेलाच होती. बाबांच्या थडग्याच्या दाराशी पाणी ओतायला गेलो. शिळेवर बाबा सरळ उभे, मी काढलेले. त्यांच्यापुढे आपण दोघे, माझ्या आधीच्या रेषांवर तू कोरलेले. आधी मी, हातात रंगाची पाटी. माझ्यामागे तू, हातात बदकाचं पिल्लू. आणि मला ऐकू आलं, माफ करा, घर चुकलं.

आधी तुझा चेहरा. मग नाव. मग हात.

नाव खोडताना प्ताह राहिला. मी राखला असं म्हणवत नाही, हातानेच राखला. त्यामुळे शिळेवर आता तुझ्या जागी नुसता देव आहे. मोस गेला. घरात तुला कुणी कधी प्ताहमोस म्हणालंय का? आई तुला हाक मारते तो अर्धा भाग मी खोडला, आणि देवळात म्हणतात तो शाबूत ठेवला.

खड्डा उघडा दिसत होता. म्हणून मी तो बुजवला आणि वर जेवणाचं ताट काढलं. भाकऱ्यांची चळत, काकड्या, कांद्याची जुडी, भाजलेलं बदक. फार सुबक काढलंय. येणारे जाणारे म्हणतात, खावीने बापाला काय जेवू घातलंय! बदक बघून मला दर वेळी घाम फुटतो.

तू विचारलंस, मी आहे का. नाहीस. तीन वर्षं तू नाहीस. आणि खोकतोयस.

अजून आहे.

उत्सवात आमूनची नौका नदी ओलांडून इकडे येते तेव्हा आपण सगळे थडग्याशी जेवायला बसतो. आई शिळेजवळ जाऊन एकेकाच्या चेहऱ्याला हात लावते. पहिल्या वर्षी तिने बाबांना लावला, मला लावला, आणि हात पुढे सरकवला तर भाकऱ्या. ती म्हणाली, “मोस कुठाय रे?” मी तिचा हात धरला, मागे आणला, परत माझ्याच चेहऱ्यावर ठेवला आणि म्हटलं, “हा बघ, हा मोस.” अठरा घरांत काढलेले दोन चेहरे. नाक तेच, ओठ तेच. कुणालाही फरक कळला नसता, ह्याचा मला त्या क्षणी अभिमान वाटला. कळतंय का तुला मी काय म्हणतोय? त्या क्षणीसुद्धा माप बरोबर आल्याचा अभिमान वाटला.

दुसऱ्या वर्षी तसंच. तिसऱ्या वर्षी तसंच.

परवा उत्सव झाला. नौका आली, गाणी झाली, वाबेतने मसूर आणि सुकी मासळी आणली होती, बिअर बरी होती. आई उठली. मी हात धरायला पुढे झालो. ती म्हणाली, “राहू दे. मला पाठ झालंय.” तिने बाबांना हात लावला. मला लावला. मग आपणच परत मला लावला आणि म्हणाली, “आणि हा मोस.” मग तिची बोटं खाली उतरली, चेहऱ्यावरून खांद्यावर, खांद्यावरून हातावर, आणि पाटीवर थांबली.

“खाव्या,” ती म्हणाली, “मोसच्या हातात रंगाची पाटी कधीपासून?”

सगळे जेवत होते. कासाच्या घरची माणसंही होती.

मी म्हटलं, “आई, तुला कळलं होतं?”

“पहिल्याच वर्षी. डोळे गेलेत, बोटं नाही गेली. पोराच्या हातात बदकाचं पिल्लू होतं, मी रोज त्याच्या चोचीला हात लावायची.”

“मग बोलली का नाहीस?”

“म्हटलं बघू, किती वर्षं माझा हात धरून खोटं बोलतोस. मला वाटलं एक वर्ष. तू पक्का निघालास. शिकलेला ना.”

मग जमिनीवर बसली आणि म्हणाली, “मसूर वाढा.”

मी जेवलो नाही. तेव्हापासून डोळ्यांपुढे मधूनच काळं येतं. कामावर आखताना दोन रेषा दिसतात. शिखरावरची देवी ज्याच्यावर कोपते त्याला भर दिवसा अंधार दाखवते, तू जाणतोस. आईचे डोळे म्हातारपणाने गेले. माझे कशाने जातील ते मला ठाऊक आहे.

लेखनिका, तो काय म्हणतो ते परतीच्या बोटीने लिहून पाठव. शिव्या दिल्या तर शिव्या लिही. गाळू नकोस. ओळी चढल्या तरी चालतील.

वर्ष पहिले, सुगीचा ऋतू, महिना तिसरा, दिवस २६

मोस,

पन्नास दिवस झाले. हेरीच्या दोन खेपा झाल्या. तो म्हणतो, पत्र लेखनिकाच्या हाती दिलं, तू कामावर नव्हतास. कुठे होतास ते त्याला माहीत नाही. मी विचारलं, “आजारी होता की कसं?” तो म्हणाला, “मालक, मी नाव हाकतो. तिथे दहा हजार शिल्पी आहेत.” मी त्याच्यावर ओरडलो. मग माफी मागितली. मी माफी मागितली हे पाहून तो घाबरला आणि म्हणाला, पुढच्या खेपेला स्वतः शोधीन.

तोवर हात बांधून बसणं जमेना. मी शिळेला हात घातला.

आधी आईला विचारलं. तुला परत आणायचं तर जेवणाचं ताट काढावं लागेल. तीन वर्षं बाबा त्यातून जेवलेत. त्यांच्या पुढ्यातलं ताट कुठल्या तोंडाने ओढू? ती म्हणाली, “तुझ्या बाबांनी मला कधी विचारलं नाही जेवायला काय आहे. घरात आले की विचारायचे, पोरं कुठायत. काढ ते.”

कोरायला माणूस बोलावला नाही. नाखी म्हणाला होता, एक सुट्टी देतो, माझा कोरणारा घे. मी नको म्हटलं. तू वरच्या माळ्यावर टाकून गेलेली छिन्नी आणि लाकडी हातोडी घेतली. मी आयुष्यभर दुसऱ्यांनी कोरण्यासाठी रेषा काढल्या. एक वीत दगड स्वतः कोरला नाही. खोडणं वेगळं, कोरणं वेगळं. खोडायला राग पुरतो.

अठरा घरं पाडली. रेषा अशा आल्या की काय सांगू, जन्मात आल्या नव्हत्या. मग छिन्नी लावली. पाय बरे निघाले. डावा पुढे, उजवा मागे. खांदा जरा जाड झाला. पिल्लाला दोन दिवस गेले. आणि चेहऱ्याशी आलो तेव्हा डोळ्यांपुढे काळं आलं, हातोडी चुकली आणि तुझ्या नाकाचा शेंडा उडाला.

मी तो तुकडा हातात घेऊन बसलो. दुसऱ्याच्या हातून हे झालं असतं तर मी त्याला वस्तीतून घालवला असता. नवी शिळा आणून पुन्हा करायचं म्हटलं तर पुराच्या ऋतूपर्यंत वेळ गेला असता. आणि तू खोकतोयस. म्हणून राहू दिलं.

आई आली. तिने हात लावला. पिल्लाची चोच सापडली, तिथे बराच वेळ थांबली. मग वर गेली. म्हणाली, “हा मोस नव्हे. हा बसक्या नाकाचा नाखी मुकादम.” आणि हसायला लागली, इतकी हसली की तिला खाली बसवावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाली, “असू दे. हाक मारली की ओ देईल.”

नाव शेवटी केलं. प्ताह होताच. त्याच्या पुढे मोस कोरलं. मी खोडलेला खड्डा खोल होता, त्यामुळे तुझा अर्धा भाग देवाच्या भागापेक्षा खोल बसलाय. हात फिरवला तर आधी देव लागतो आणि मग बोट एकदम आत जातं. पुढच्या शंभर राजांपैकी कुणी हुकूम काढला तरी हा भाग खोडताना शिळा आरपार जाईल.

आता एक सांगायचं राहिलं. तुझं नाव ठोकताना शिळा हलली आणि बाबांच्या पाठीवरचा माझा गिलावा पडला. आख्खा. आत तू कोरलेली पाठ. मी नव्याने भरायला गिलावा कालवला, पाटी घेऊन उभा राहिलो, आणि ती पाठ बघत राहिलो. तू डाव्या खांद्याखाली पट्ट्याचा वळ कोरला होतास. पाटीचा पट्टा जिथे रुतायचा तिथे. तो वळ मला माहीत होता. मी लहान असताना तिथे तेल चोळायचो. मी तो पाहिलाच नव्हता, भांडणाच्या दिवशी. मापं बघत होतो.

गिलावा भांड्यात घट्ट होऊन गेला. मी तो फेकून दिला.

त्यामुळे बाबांना आता दोन पाठी आहेत. एक माझी, गेरूची, सरळ, तिचे अवशेष कडेने राहिलेत. एक तुझी, दगडातली. पाखरू परत येईल तेव्हा त्याला ओळख पटेल, आणि आत गेल्यावर ताठ उभं राहायचं असेल तर तीही सोय आहे. हे नियमाला धरून नाही. असं कुठल्याही थडग्यात मी पाहिलेलं नाही. कासा म्हणाला, “खावी, हे काय करून ठेवलंस?” मी म्हटलं, “आमच्या दोघांचं काम आहे.”

हे पत्र मी दोनदा लिहिलंय. अक्षर न् अक्षर तेच, तपासून पाहिलं. एक चांगल्या कागदावर, ते उद्या हेरीबरोबर उत्तरेला येईल. दुसरं मातीच्या वाडग्यात आतल्या बाजूने गोल लिहिलंय, जसं मेलेल्या माणसाला लिहितात तसं, आणि त्यात बिअर ओतून शिळेपुढे ठेवलंय, तुझ्या पायाशी. तू कुठे आहेस ते मला माहीत नाही. पण ह्या दोन ठिकाणांपैकी एका ठिकाणी नक्की आहेस.

कागद मिळाला तर ये. नाव धर, आईला हात लावायला खरं नाक हवंय.

वाडगा मिळाला तर बस आणि जेव. बाबांशेजारी तुझी जागा आहे, चार घरं रुंद, मी मोजली आहे.

— दादा